कपाटांतील रोपें आणि वाहती हवा

नगर जिल्ह्यांतील कांद्याची चाळ ज्यांनीं जवळून पाहिली आहे, त्यांस आजचा विषय निम्मा तरी आधींच अवगत आहे. (या जिल्ह्याचें अधिकृत नांव २०२४ सालापासून अहिल्यानगर झालें, बोलतांना मात्र ‘नगर’ हा शब्द अजून सुटत नाहीं.) रब्बीचा कांदा एप्रिल-मे महिन्यांत निघतो आणि भाव येईपर्यंत चार-पांच महिने सांभाळावा लागतो. शेतकरी तो बंद कोठींत भरीत नाहीं. चाळीचा तळ जमिनीपासून हात-दीड हात उंच, तळाला फटी, बाजूंना बांबू किंवा लांकडी पट्ट्या, आणि रुंदी बेताची, कीं ढिगाच्या मध्यापर्यंत वारा पोहोंचावा. काढलेला कांदाहि जिवंत असतो. तो श्वसन करतो, ऊब आणि ओल बाहेर टाकतो. तिला जाण्यास वाट नसली कीं ढीग आंतून सडूं लागतो.

शहरांतील ज्या बिऱ्हाडाला अंगण नाहीं आणि गच्चीहि नाहीं, तें हल्लीं एखादें जुनें पुस्तकांचें कपाट रिकामें करतें, त्यांत एल. ई. डी. दिवे बसवितें, आणि मिरची, टोमॅटो, तुळस यांचीं रोपें वाढवूं पाहतें. हौस स्तुत्य आहे. पण पुष्कळ घरीं पंधरवड्यांतच निराशा पदरीं येते. काल लुसलुशीत दिसणारीं रोपें सकाळीं बुडाशीं मऊ पडून आडवीं झालेलीं आढळतात, आणि दुकानदाराच्या नांवानें बोटें मोडलीं जातात. बियाणें क्वचितच दोषी असतें. अति पाणी आणि कोंडलेली दमट हवा यांत मातींतल्या पिथियमसारख्या बुरशीला फावतें, आणि कोवळा देंठ तिला आयताच सापडतो.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, कांचेच्या बंद बरणींत झाडें वर्षानुवर्षें जगतात, तीं कशीं? आक्षेप योग्य आहे. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनीं १८२९ सालीं एका बंद बाटलींत ओलसर मातींत पतंगाचा कोश ठेवला होता. पतंगाचें काय झालें तें बाजूस राहिलें. त्या मातींत एक नेचा आणि थोडें गवत उगवून आलें. पुढें १८३३ सालीं त्यांनीं अशाच कांचेच्या पेट्यांतून झाडें सिडनीपर्यंत जिवंत पोहोंचविलीं, आणि १८६० च्या सुमारास सिंकोनाचीं रोपें हिंदुस्थानांत आलीं तींहि अशाच पेट्यांतून. परंतु वॉर्डच्या बाटलींत होता तो सावलींत सुखानें राहणारा, ओल आवडणारा, मंद गतीनें वाढणारा नेचा. त्याच्या डोक्यावर विजेचा दिवा जळत नव्हता. मिरचीच्या रोपाला नेच्याचा न्याय लावून चालत नाहीं.

दिव्यानें घेतलेली वीज अखेरीस बहुतेक सगळी उष्णतेंत जमा होते, एल. ई. डी. थंड असतो ही समजूत अर्धीच खरी. दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच कपाट घेतलें तर त्यांत सुमारें ४५० लिटर हवा मावते. त्यांत ५० वॅटचा दिवा आहे. एक घनमीटर हवा एक अंश तापविण्यास सुमारें १२०० जूल लागतात. आंतली हवा बाहेरच्याहून ४ अंशांपेक्षां अधिक तापूं द्यावयाची नसेल, तर दर सेकंदाला सुमारें १० लिटर हवा बाहेर गेली पाहिजे. म्हणजे कपाटांतील सर्व हवा पाऊण मिनिटांत एकदां बदलली पाहिजे! फळ्यांतून थोडी उष्णता आपोआप निसटते, म्हणून हा हिशेब जरा सढळ आहे. तरी दाराला पाडलेल्या दोन भोकांनीं भागणार नाहीं, हें त्यावरून दिसतें. एवढी हवा खेळली कीं रोपांच्या अन्नाचीहि सोय होते. हवेंत कर्बद्विप्राणिद वायु दहा हजार भागांत जेमतेम चार भाग असतो, आणि बंद कपाटांत उजेड असतांना पानें तो भराभर संपवितात.

जुन्या माळवदांच्या घरांना छपरांत सवणें ठेवीत. चुलीचा धूर आणि ऊन हवा त्यांतून वर जाई, आणि तिच्या जागीं दारांतून गार हवा येई. कपाटाची रचनाहि तशीच करावी. संगणकांत असतो तसा १२ सेंटिमीटरचा पंखा वरच्या बाजूस, हवा बाहेर ओढणारा. आणि समोरच्या बाजूस तळाशीं, पंख्याच्या तोंडाहून मोठें, हवा आंत येण्याचें भोंक. त्यावर पांढऱ्या माशीसाठीं बारीक जाळी हवीच, पण जाळी वारा अडविते, म्हणून भोंक मोठें. परीक्षा सोपी आहे: पेटलेली उदबत्ती खालच्या भोंकाशीं धरावी, धूर आंत ओढला गेला तर ठीक, घुटमळला तर जाळी धुवावी. वरून निघालेली हवा बंद खोलींतच कोंडूं नये. खिडकी उघडी नसेल तर तीच तापलेली हवा पुन्हां खालून आंत शिरते.

नगरच्या उन्हाळ्यांत मात्र पंख्याचा इलाज तोकडा पडतो. बाहेर पारा चाळिशीला भिडला असतां पंखा आंत आणणार तीहि चाळीस अंशांचीच हवा, शिवाय कोरडी. मोठा पंखा लावला तर कोवळीं पानें अधिकच सुकतात. अशा वेळीं खर्च वाढविण्यापेक्षां दिव्याची वेळ बदलावी. रोपांना दिवस कोणता आणि रात्र कोणती हें दिवाच ठरवितो. तो सायंकाळीं लावून पहाटे मालवला तर बाहेरची गार हवा आपोआप कामीं येते. श्रावणांत हवाच ओलसर, तेव्हां पाणी कमी घालून रोपें विरळ करावीं. थंडींत दिव्याची ऊब उपकारक असते. पंखा मंद करावा, बंद करूं नये.

दिवा आणि पंखा एकाच बटणावर ठेवण्याची सोय पुष्कळांना आवडते, परंतु ती टाळलेली बरी. दिवा मालवतांच आंतली हवा निवूं लागते, तिच्यांतील वाफ पानांवर दंवासारखी बसते, आणि बुरशीचें काम नेमकें त्याच वेळीं सुरू होतें. पंख्याचें बटण वेगळें ठेवून तो दिव्यानंतरहि तास-दोन तास चालूं द्यावा.