रांगेच्या शेवटी कोण?

(उपकारस्तुतीच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मला कामाचा अहवाल द्यायला सांगितलं आहे. वह्या किती वाटल्या, दहावीला किती मुलं बसली, हे तुमच्या हातातल्या छापील कागदावर आहेच. मी आज एका डोंगराची गोष्ट सांगणार आहे.

ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही वासोट्याला गेलो होतो. आपल्या तरुण संघातले सहा जण, रायगडमधल्या कातकरी वाड्यांवरचे सहा तरुण, एक शिक्षक आणि मी, असे चौदा जण. शहरातली मुलं आणि वाडीवरची मुलं एक दिवस बरोबर चालतील, एकत्र जेवतील, एवढाच हेतू. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली गाठली. तिथून शिवसागर जलाशयातून लाँचने तासाभराहून जास्त प्रवास. पलीकडच्या काठावर वनखात्याची चौकी आहे. हा भाग कोयना अभयारण्यात येतो. तिथे नोंद करायची, प्लॅस्टिक मोजून दाखवायचं आणि अंधाराच्या आत परत फिरायचं.

पावसाळा नुकताच सरला होता. वाट ओली, पाचोळा ओला, आणि त्या पाचोळ्यात जळवा. सुरुवातीला काडीएवढी बारीक दिसते. मागच्या टोकावर उभी राहून पुढचं टोक हवेत हलवत वाट बघते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, आपला श्वास, एवढ्यावरून तिला कळतं की कोणी येतंय. चावते तेव्हा जाणवतही नाही. तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही. ती पोट भरून गळून पडली, तरी जखम वाहतच राहते.

आमच्या बरोबरच्या वाटाड्या मामांनी आधीच बजावलं होतं, "ओढू नका, जाळू नका. नख सरकवून तोंडाकडून सोडवा, मग मागचं टोक." पण पहिली जळू दिसताच आपल्या मुलांची जी धावपळ झाली, ती तुम्ही कल्पनेनेच बघा! मीही काही कमी ओरडले नाही.

अर्ध्या चढावर थांबलो आणि पाय तपासले. सर्वांत पुढे चालणाऱ्या मुलाला एक जळू. मधल्यांना दोन, तीन. सर्वांत शेवटी चालणारा आमचा एक कातकरी मुलगा, बारावीत शिकणारा. त्याच्या दोन्ही पायांवर मिळून अकरा निघाल्या. पँटची खालची कड रक्ताने भिजली होती. मी म्हटलं, "अरे, सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला, "दुखत नव्हतं, ताई."

मामा म्हणाले, "पुढचा माणूस जळूला जागं करतो. ती सरसावते, तोवर तो निघून गेलेला असतो. मग मागचा सापडतो."

तेव्हा माझं लक्ष त्याच्या पाठीकडे गेलं. आम्हा सगळ्यांच्या भाकरीची पिशवी त्याच्याकडे होती, पाण्याचा कॅनही त्याच्याकडेच. ओझ्यामुळे तो मागे पडला होता. ते उचल, असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पण त्याने उचललं तेव्हा आमच्यापैकी कोणी अडवलंही नव्हतं. वीस वर्षं आदिवासींमध्ये काम करणाऱ्या मीसुद्धा नाही. हे कबूल करायला आज उभी आहे.

बंधुभगिनींनो, अनुवादाच्या 25 व्या अध्यायात मोशे लोकांना अमालेकाची आठवण करून देतो. अमालेकाने समोरून चाल केली नाही. थकलेभागलेले, मागे रेंगाळलेले जे होते, त्यांना त्याने गाठलं. मी धर्मशिक्षणाच्या पदविकेला असताना हा उतारा शिकले होते. त्याचा अर्थ मात्र त्या पाचोळ्यात उभी असताना कळला.

पुढचा चढ आम्ही वेगळ्या रांगेने चढलो. मामा स्वतः शेवटी गेले. तरुण संघातल्या मुलांनी ओझं वाटून घेतलं आणि दर पंधरा मिनिटांनी मागचे पुढे, पुढचे मागे. वरती पोचलो, कड्यावरून खाली कोकण पाहिलं, भाकरी-ठेचा खाल्ला. त्या मुलाच्या पायाचं रक्त तेव्हाही थांबलं नव्हतं.

उतरताना तो माझ्या शेजारी होता. म्हणाला, "ताई, दिवाळीनंतर मी शाळेत येणार नाही. बाबांनी उचल घेतलीय." आईच्या दवाखान्यासाठी वीटभट्टीच्या मुकादमाकडून वीस हजार घेतले होते. आता ते फिटेपर्यंत सगळं घर भट्टीवर.

उचल म्हणजे काय, हे आपल्याकडे सगळ्यांनाच माहीत नसेल. पावसाळ्यात हाताला काम नसतं, घरात दाणा नसतो. तेव्हा मुकादम पैसे देतो. घेताना काही दुखत नाही, उलट बरंच वाटतं. मग हंगामभर मजुरी त्यात वळती होते. हिशेब मुकादमाच्या वहीत, आणि ती वही वाचणारं घरात कोणी नाही. हंगाम संपला तरी कर्ज वाहतच राहतं. वेठबिगारी बंद करणारा कायदा 1976 सालचा आहे. पण कायदा रांगेच्या पुढे चालतो, आणि माणूस मागे राहतो.

आम्ही त्याच्या वडिलांशी दोनदा बोललो. मुलगा आजीजवळ वाडीवर राहून परीक्षा देणार, एवढं त्यांनी मान्य केलं. धाकटी दोन भावंडं मात्र भट्टीवर गेली. हा विजय आहे असं मी म्हणणार नाही.

म्हणून आज मागणं वेगळं आहे. तुमची देणगी पोचते, तिच्याबद्दल उपकार मानते. पण मला अशी माणसं हवी आहेत, जी हंगामात महिन्यातून एकदा माझ्याबरोबर भट्टीवर येतील. मजुराच्या स्वतःच्या वहीत त्याचा हिशेब लिहून देतील. धाकट्यांना जवळच्या शाळेत बसवून घेण्यासाठी गुरुजींना भेटतील. यात मोठी विद्या लागत नाही. लिहिता-वाचता यावं आणि मागे चालण्याची तयारी असावी.

वासोट्याच्या वाटेवर तरुण संघातल्या ज्या मुलाने पहिली पिशवी खांद्यावर घेतली, तो येत्या रविवारी माझ्याबरोबर निघतो आहे. गाडीत अजून तीन जागा आहेत. उपासनेनंतर मी दाराशी थांबते.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.