दोष कोणाचा?



कामावर अपघात घडला की ‘कामगार गाफील होता’ असे म्हणून आपण मोकळे होतो. आम्हांस हे न्याय्य वाटत नाही. मुंबईच्या गोदीचेच उदाहरण घ्या. १९४४ च्या एप्रिलात ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज सुमारे १४०० टन स्फोटके घेऊन तेथे लागले. त्याच जहाजात कराचीस कापसाच्या गाठीही भरल्या होत्या. हा निर्णय हमालांचा नव्हे, वरिष्ठांचा. १४ तारखेस दुपारी आग दिसली. जहाज बुडवावे की बाहेर न्यावे, याविषयी अधिकाऱ्यांचे एकमत होईना. अखेरचा शब्द कोणाचा, हेही ठरेना. चारच्या सुमारास स्फोट झाला. अग्निशामक दलाचे ६६ जवान कर्तव्य बजावीत असता प्राणास मुकले. त्यांच्या धैर्यात उणे नव्हते. उणीव व्यवस्थेत होती.

आपल्या ज्ञातीतील कित्येक तरुण आज फोरमन व व्यवस्थापक आहेत. त्यांस आमची विनंती एवढीच की, हाताखालच्या माणसाने धोका दाखविल्यास त्यास दटावू नये. शंका विचारणाऱ्या मुलास आम्हीही वर्गात गप्प बसवीत असू. शाळेतील ती चूक पुढे सुधारता येते. कारखान्यातील येत नाही.