जसा विचार, तशी वाट

‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. जे मनात घोळते ते झोपेतही पाठ सोडत नाही, तर जागेपणी ते आपल्या हातापायांना कसे सोडील? परंतु विचारांचे हे सामर्थ्य सांगताना आपण पुष्कळदा अतिशयोक्ती करतो. ‘विचार चांगले ठेवा, म्हणजे सारे चांगले होईल’ हा उपदेश ज्याच्या घरी चूल पेटलेली नाही त्याच्या जिव्हारी लागतो. मग विचाराने होते तरी काय? एका थोर शिक्षकाच्या चरित्रावरून ते पाहू या.

१८७५ साली कोकणातील मुरूडचा एक मुलगा मुलकी परीक्षेसाठी साताऱ्यास निघाला. कुंभार्ली घाट चढून, शंभराहून अधिक मैल चालून तो तेथे पोहोचला. परीक्षेस सतरा वर्षे पुरी लागत. ती झाली होती. पण त्याची लहानखुरी मूर्ती पाहून परीक्षकांना ते पटले नाही. परीक्षेस न बसताच त्याला परत फिरावे लागले. हा मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे.

त्या वेळी त्याच्या मनात काय आले, ते आपण कल्पनेने रंगवू नये. त्याने पुढे काय केले, ते मात्र ठाऊक आहे. कोल्हापुरास जाऊन त्याने ती परीक्षा दिली व तो उत्तीर्ण झाला. १८८१ साली मॅट्रिक आणि १८८४ साली बी. ए. अशा पायऱ्या तो सावकाश चढला. ‘माझे नशीबच फुटके’ असे म्हणून मुरूडलाच थांबणेही शक्य होते. घटना तीच, तिच्यातून दोन वाटा फुटतात, आणि कोणती धरावयाची हे विचार ठरवितो.

पण विचार उदात्त असला म्हणून संकट टळते, असे नाही. १८९३ साली कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला, तेव्हा मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला, आणि त्याची झळ घरच्या माणसांनाही लागली. या अनुभवाने ते कडवटले नाहीत. पुनर्विवाहाने एकीचा संसार उभा राहील. शिक्षणाने अनेकींना स्वतःच्या पायांवर उभे राहता येईल, या दिशेने त्यांचे लक्ष वळले. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम निघाला, १९०० साली तो हिंगण्यास गेला. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवावयाचे आणि हिंगण्याची वाट पायी तुडवावयाची, असा त्यांचा क्रम होता. १९१६ साली महिला विद्यापीठ उभे राहिले, त्यामागे ही रोजची पावले होती. विचार पायांत उतरला, तेव्हाच त्याचे जीवन झाले.

हेच लहान प्रमाणात प्रत्येक वर्गात घडत असते. उदाहरण चुकले की एक मूल वही मिटते. दुसरे कोणत्या पायरीवर चुकले ते शोधू लागते. त्या दिवशी दोघांचेही उत्तर चुकलेलेच असते. वर्षअखेर मात्र दोघांत मोठे अंतर पडते, आणि लोक त्याला बुद्धी असे नाव देतात.

येथे आपणां वडीलधाऱ्यांची जबाबदारी येते. वही मिटणारे मूल तो विचार पुष्कळदा आपल्याकडूनच घेते. ‘तू ढच आहेस’ हे वाक्य रागाच्या भरात आपण बोलून विसरतो. मूल विसरत नाही. उद्या ते स्वतःशी तेच बोलू लागते, आणि मग त्याला अडविण्यास कोणा परीक्षकाची गरज उरत नाही.

परिस्थिती सर्वस्वी आपल्या स्वाधीन नसते. तिच्यापुढे आपण स्वतःशी कोणते वाक्य बोलावे, हे पुष्कळसे असते. ते वाक्य आज जरा पारखून घ्यावे, आणि आपल्या मुलांना कोणते देत आहोत, तेही पाहावे.