बर्फ आणि सायकल

अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातून ‘गोइंग-टू-द-सन’ नावाचा सुमारे ८० किलोमीटरचा घाटरस्ता जातो. उन्हाळ्यात तिथे मोटारींची रांग लागते. पण वसंतात वरचा बर्फ अजून हटवला जात असतो, फाटक मोटारींना बंद असतं आणि सायकलस्वारांना मात्र खुलं! माझ्या मते हा रस्ता पाहावा तो याच दिवसांत. एका बाजूला कडा, दुसरीकडे दरी, आणि कानावर फक्त वितळत्या बर्फाचं पाणी.

चढाचीही फार धास्ती नको. आधीच्या आराखड्यात पंधरा हेअरपिन वळणं होती. राष्ट्रीय उद्यान सेवेतले भूदृश्य-रचनाकार थॉमस व्हिंट यांनी कड्याच्या अंगानं रस्ता नेण्याचं सुचवलं, म्हणून मोठं वळण एकच राहिलं आणि चढ साधारण ६ टक्क्यांवर आला. १९३३ साली रस्ता खुला झाला. माथ्यावरची लोगन खिंड २,०२५ मीटर उंचीवर आहे.

कामाच्या दिवशी बर्फ काढणारी यंत्रं चालू असतात, त्यामुळे शनिवार-रविवारी बहुधा जास्त वर जाता येतं. हिमस्खलनाच्या सूचना आधी वाचाव्यात. अस्वलांपासून बचावाचा फवारा हाताशी ठेवावा, आणि उतारावर वळण आलं की मोठ्यानं आवाज द्यावा.