घर भाड्याने देणाऱ्या कामगाराचा विमा
(रेल्वे व टपाल कामगारांच्या संयुक्त सभेत रेल्वे युनियनच्या चिटणीसांनी केलेले भाषण)



आपल्यापैकी अनेकांनी कर्ज काढून घर बांधले. पण नोकरी बदलीची. आपण क्वार्टरमध्ये राहतो, घर भाड्याने देतो आणि त्या भाड्यातून हप्ता फेडतो. घर पडले तर भाडे थांबते, हप्ता थांबत नाही. म्हणून आज विम्याविषयी बोलायचे आहे.

आधी आमचीच चूक सांगतो. आमचे घर बदलापूरला, नोकरी भुसावळला. कर्ज दोन लाख बाकी होते, तेवढ्याचाच विमा आम्ही उतरवला. 26 जुलै 2005 रोजी उल्हास नदीचे पाणी घरात शिरले. नुकसान दीड लाखाचे ठरले. विमा दोन लाखांचा, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. हातात पडले पन्नास हजार! घर सहा लाखांचे, विमा त्याच्या एक तृतीयांश, म्हणून भरपाईही एक तृतीयांश. पॉलिसीत तसे छापलेले होते. आम्ही वाचले नव्हते. भाडेकरू गेला आणि चार महिने हप्ता पगारातून भरावा लागला.

घरबांधणी अग्रिम घेतलेल्यांना आग, पूर आणि वीज यांचा विमा सक्तीचा असतो. पण अग्रिमाएवढ्या रकमेचा विमा सरकारचे पैसे सांभाळतो. आपले घर सांभाळायचे ते आपणच.

1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' ही पॉलिसी आली आहे. आग, भूकंप, पूर, वादळ, दरड, दंगल यांचे नुकसान तिच्यात येते. विमा कमी रकमेचा असला तरी आमच्यासारखी कपात होत नाही. मात्र घराच्या नुकसानीची भरपाई विम्याच्या रकमेपर्यंतच मिळते. म्हणून रक्कम नीट काढा. जागेची किंमत धरू नका. घर पुन्हा बांधायचा खर्च धरा. चटई क्षेत्र 50 चौरस मीटर आणि बांधकामाचा दर 25,000 रुपये मानला तर साडेबारा लाख.

घरमालकाने आणखी चार गोष्टी पाहाव्यात.

एक, घर राहण्याजोगे नसेल त्या काळातले बुडालेले भाडे या पॉलिसीत मिळते. भाडेकरार जपून ठेवा. पण भाडेकरूने भाडे थकवले तर त्याला हा विमा नाही.

दोन, पंखे, कपाट, गीझर आपले असतील तर सामानाचाही विमा घ्या. भाडेकरूचे सामान त्यात येत नाही; त्याचा विमा त्याने घ्यावा. हे त्याला आधीच सांगा.

तीन, एरवीच्या चोरीसाठी वेगळी पॉलिसी लागते. झीज आणि जुनी गळती कशातच येत नाही.

चार, घर भाड्याने दिले आहे, हे अर्जात स्पष्ट लिहा. भाडेकरूने तिथे दुकान किंवा कारखाना थाटला तर कंपनीला लगेच लेखी कळवा. लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी आपल्याच अंगाशी येते.

दावा नाकारला तर गप्प बसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही.

चार्जशीटचा शब्द न् शब्द वाचणारे आपण, पॉलिसी मात्र न वाचता ट्रंकेत टाकतो. आज घरी गेल्यावर ती काढा. समजली नाही तर युनियन ऑफिसात घेऊन या. एकत्र बसून वाचू.