चढ मोटरचा, उतार आपला

रविवारी पहाटे बदलापूर पश्चिमेहून बारवी धरणाच्या रस्त्याला लागलं, की हल्ली जाड टायरच्या सायकली भेटतात. त्यातल्या काहींच्या फ्रेममध्ये बॅटरी आणि मागच्या चाकात मोटर असते. कुणी उल्हासनगरच्या कॅम्पातून आलेलं असतं, कुणी अंबरनाथहून. पन्नाशी ओलांडलेलेही असतात. चंदेरी, ताहुली, मलंगगड हे डोंगर लोकलच्या दारातून वर्षानुवर्षं पाहिलेली ही मंडळी आता सायकलवरून पायथ्याच्या गावांपर्यंत पोहोचतात. मोटरने त्यांच्या गुडघ्यांना बळ दिलं, याचा मला फार आनंद आहे. म्हणूनच एक गोष्ट कळकळीने सांगतो. मोटर चढ चढवते, उतार मात्र आपल्यालाच उतरायचा असतो.

साधा हिशेब करू. माणूस, सायकल आणि पाठीवरची सॅक मिळून १०० किलो धरा. एवढं वजन ३०० मीटर उंच न्यायला निदान ८२ वॉट-अवर ऊर्जा खर्ची पडते. उतरताना तीच ऊर्जा परत हिशेब मागते आणि तिचा मोठा वाटा ब्रेकच्या चकतीत उष्णता होऊन जिरतो. त्यात ही सायकल साध्या सायकलीहून आठ-दहा किलो जड. तेव्हा सायकल घेताना मोटरचे वॉट मोजण्याआधी ब्रेक दाबून बघा. शक्य असेल तर हायड्रॉलिक डिस्क घ्या. केबलचे असतील तर लिव्हर मुठीला टेकता कामा नये. वॉटचा मोह तसाही नको. २५० वॉटपर्यंतची मोटर, ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग आणि बॅटरी सोडून ६० किलोपर्यंत वजन, या मर्यादेत बसणाऱ्या सायकलीला आपल्या नियमांनुसार लायसन्स किंवा नंबरप्लेट लागत नाही. त्यापुढे गेलात की ती मोटार वाहन ठरते.

ब्रेकच्या लिव्हरला बहुधा एक बारीक वायर असते. ब्रेक दाबताच मोटर बंद करणं हे तिचं काम. निघण्यापूर्वी मागचं चाक उचलून मोटर फिरवा आणि लिव्हर हलकेच दाबा. मोटर तत्क्षणी थांबली नाही, तर त्या दिवशी सायकल घरीच राहू द्या.

मग टायर. पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसरने दगडासारखी टणक हवा भरून घेतली, की मुरमाच्या उतारावर चाक उड्या मारतं. मध्यम वजनाच्या माणसाने दोन-सव्वादोन इंची टायरमध्ये कच्च्या वाटेसाठी पुढे ३० आणि मागे ३५ पाउंडांच्या आसपास हवा ठेवून सुरुवात करावी. टायरच्या कडेवर छापलेल्या किमान आकड्याखाली मात्र जाऊ नये. पुढच्या शॉकअपच्या नळीला एक दोरा बांधा, दोरा खाली सरकवून ठेवा, अलगद बसा आणि अलगद उतरा. १०० मिलिमीटरच्या शॉकअपमध्ये तो २० ते २५ मिलिमीटर वर सरकायला हवा. सीटची उंचीही तपासून घ्या. पेडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली, की गुडघा सरळ व्हावा. उतार लागण्याआधी थांबून सीट चार बोटं खाली घ्या, पेडलं समांतर ठेवून उभे राहा, वजन मागे न्या. दोन्ही ब्रेक थोडे थोडे, पण वळणाच्या आधी.

चढावर गिअर आधीच हलका करा. जड गिअरवर रेटत राहिलात तर चाकातली मोटर कमी वेगात ओढत बसते आणि तापते. फार खडा चढ असेल तर उतरून ढकलावं, त्यात कमीपणा नाही. दगडगोट्यांत मदतीची पातळी एकवर ठेवा. साध्या सेन्सरची मोटर पाय थांबल्यावरही क्षणभर ढकलते आणि नेमक्या त्या क्षणी तोल जातो.

बॅटरीचा भरवसा किती? ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर म्हणजे ३६० वॉट-अवर. २५० वॉटची मोटर सतत पूर्ण जोराने चालली, तर दीड तासही पुरत नाही. अर्धी संपली की परत फिरा. घरी आल्यावर बॅटरी थंड होऊ द्या आणि मग तिच्याच चार्जरने चार्ज करा. पलंगाखाली नको, बाहेर पडायच्या दारात नको, सगळे झोपल्यावर तर नकोच.

बारवीच्या रस्त्यावर एकदा माझं मागचं चाक पंक्चर झालं. ट्यूब होती, पंप होता, पण मोटरच्या नटाला बसणारा पाना नव्हता. पंचवीस किलोची सायकल ढकलत आणताना मी धडा शिकलो. तेव्हापासून तो पाना सॅकमध्ये असतोच. मोटरच्या वायरचा जोड सोडवणं, नटाआतला खाचेचा वॉशर त्याच बाजूने परत बसवणं, हे घरी दोनदा करून पाहा. वाटेवर ते अवघड जात नाही.

पावसाळ्यात आणखी जपा. शिंतोडे मोटरला चालतात, बुडणं चालत नाही. चाकाचा मध्य भिजेल एवढ्या पाण्यात सायकल घालू नका आणि धुताना प्रेशरचा पाइप लावू नका. भातखाचरांच्या बांधांवरून जाऊ नका. आपल्या टायरने फुटलेला बांध शेतकऱ्याला पुन्हा घालावा लागतो. कोंडेश्वरच्या डोहांसारख्या ठिकाणी प्रशासनाची बंदी असेल तर ती पाळा. त्या डोहांनी अनेक तरुण नेले आहेत.

उद्या सकाळी सायकल बाहेर काढाल तेव्हा चार्ज किती आहे ते जरूर बघा, पण त्याआधी दोन्ही ब्रेक दाबून बघा. डोंगर तिथेच आहेत. आपण संध्याकाळच्या आत घरी यायचं आहे.