फुलपाखरांसाठी बी पेरताना



फलकावर आजचा विषय वाचून एका स्नेह्यांनी मला विचारले, "फुलपाखरांची बाग म्हणजे फुलझाडे लावावयाची, एवढेच ना? त्यावर व्याख्यान ते काय द्यायचे?" काही वर्षांपूर्वी माझीही समजूत अशीच होती. परसात मी झेंडू लावला, झिनिया लावला, कुंपणाला घाणेरी वाढू दिली. फुलपाखरे आली, मध प्याली आणि निघून गेली. ती पाहुणी होती. माझ्या अंगणात त्यांचे घर नव्हते.

कारण साधे आहे. फुलपाखरू मध अनेक फुलांचा पिते, परंतु त्याच्या अळीला ठरावीक झाडांचीच पाने चालतात. घाणेरी मूळची उष्ण अमेरिकेतील. शोभेसाठी आणली आणि रानोमाळ पसरली. तिच्या फुलांवर आपली पाखरे झुंबड करतात. पण तिच्या पानांवर त्यांची पिले वाढत नाहीत. २०१५ साली महाराष्ट्राने नीलवंताला राज्य फुलपाखरू ठरविले. त्याची अळी लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढते. ती झाडे नसतील, तर नुसत्या ठरावाने नीलवंत कसा येणार?

म्हणून मी एकच फुलपाखरू मनात धरले. नारिंगी पंखांचे, टोकाला काळी-पांढरी नक्षी असलेले, संथपणे उडणारे हे पाखरू आपण सर्वांनी पाहिले आहे. इंग्रजीत त्याला 'प्लेन टायगर' म्हणतात. त्याची मादी रुईच्या पानावर एकेक अंडे घालते. अळी रुईचे विष अंगात साठविते, म्हणून पक्षी तिच्या आणि पाखराच्याही वाटेस सहसा जात नाहीत. त्याच्या निवांत उडण्याचे गुपित हेच!

मी रुई लावतो म्हटल्यावर घरात हसू झाले. रुई काय लावावयाची असते? ती तर उकिरड्यावर आपोआप येते. खरे आहे, परंतु आता गावाबाहेरचे माळ प्लॉट पाडून सपाट होत आहेत, आणि शनिवारी मारुतीच्या माळेसाठी पाने शोधणाऱ्यांना विचारा, रुई किती दूर गेली ते.

आता पेरणीचे सांगतो. रुईचे बोंड पिवळसर होऊन शिवणीवर उकलू लागले की त्याला दोरा बांधावा. नाही तर आतल्या 'म्हाताऱ्या' वाऱ्यावर निघून जातील. कापूस काढून बी सावलीत वाळवावे. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. डोळ्यांना फार अपाय होतो. मृग लागला की वाळूमिश्रित मातीत बी अर्धा बोट खोल पेरावे. रुईचे मूळ खोल जाते, म्हणून पसरट कुंडी नको, उंच पिशवी घ्यावी.

दुसरी आपली पिवळी कोरांटी. तिचे बोंड वाळले की टचकन फुटते आणि बिया उडतात. म्हणून आधीच फडक्याची पुरचुंडी बांधावी. या बियांवर लव असते, ती ओली झाली की बुळबुळीत होते. तेव्हा बी भिजत घालू नये. कोरडेच पेरून वर मातीचा पातळ थर द्यावा.

तिसरा खुळखुळा. शेंग वाजू लागली की बी तयार झाले समजावे. याचे कवच कठीण. पॉलिश पेपरावर हलके घासून रात्रभर कोमट पाण्यात ठेवावे, म्हणजे ते लवकर रुजते. या झाडाचा रस नर फुलपाखरे आवडीने चोखतात आणि त्यातील द्रव्यापासून मादीला मोहविणारा गंध तयार करतात.

एका झाडाची सगळी बोंडे मात्र कधी काढू नयेत. रानाचा वाटा रानात राहू द्यावा.

रुई आणि कोरांटी ही बहुवर्षायू झाडे. पहिल्या वर्षी ती मुळे धरतात. वर दिसावयास फारसे काही नसते. इथेच पुष्कळांचा धीर सुटतो. माझा धीर टिकला, पण शहाणपण टिकले नाही. दुसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी पाहतो तो रुईची पाने कुरतडलेली, वर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या! मी घाईने औषधाचा फवारा आणला आणि सगळ्या मारल्या. संध्याकाळी शेजारच्या शाळकरी मुलीने विचारले, "काका, पट्ट्यांच्या अळ्या कुठे गेल्या? त्यांचीच फुलपाखरे होतात ना?" मला उत्तर देता आले नाही. ज्यांच्यासाठी दोन वर्षे पाणी घातले, त्यांनाच मी मारले होते.

त्यानंतर फवारा बंद झाला. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा अंडी आली. अळ्या झाल्या, हिरवे कोश लोंबले आणि एके सकाळी त्या मुलीनेच ओरडून मला बाहेर बोलावले. पाखरू पंख वाळवीत बसले होते.

सज्जनहो, आपण बागेची परीक्षा फुलांवरून करतो. फुलपाखरांच्या बागेची परीक्षा कुरतडलेल्या पानांवरून करावयास शिकले पाहिजे. बाग आपल्यासाठी असेल, तर पान अखंड हवे. त्यांच्यासाठी असेल, तर ते खाल्लेलेच हवे.

सध्या रुईची बोंडे उकलत आहेत. मृगाला अजून अवधी आहे. घरी जाताना वाटेत एखादे बोंड दिसले, तर दोरा बांधून ठेवा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.